सत्त्याण्णव अंश

ढोल निमंत्रण घेऊन आला तेव्हा सर पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते आणि कोडं तयार करणाऱ्याला मनातल्या मनात नापास करत होते. ढोल म्हणजे त्यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, आता गावातला मोठा बिल्डर. हे नाव सरांनीच ठेवलेलं: आवाज मोठा, आत सगळं पोकळ. ढोल सोफ्यावर बसला, सोफा कण्हला.

"सर, आपल्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय," तो म्हणाला. "आणि शाळेच्या प्रयोगशाळेला तुमचं नाव देतोय आम्ही. पाटीसुद्धा तयार आहे. ग्रॅनाइटची!"

"का? मेलोय का मी?"

ढोल खदाखदा हसला. "बघा! सर, तुम्ही अजिबात बदलला नाहीत!"

हे त्याने कौतुकाने म्हटलं. चाळीस वर्षांत माणूस अजिबात बदलला नसेल तर त्याला डॉक्टरला दाखवायला पाहिजे, असं सरांचं मत होतं. पण ढोलला मत सांगून उपयोग काय? वर्गात सांगितलेलं कधी डोक्यात शिरलं नाही, तर आता सोफ्यावर बसून काय शिरणार होतं!

"कोण कोण येणार?" त्यांनी विचारलं.

"सगळे! पोपट येतोय खास विमानाने. त्याचं हॉस्पिटल केवढं झालंय माहितीये का? कार्बन तर आपला मुख्याध्यापकच आहे, तो यजमान. आणि सर," ढोलने डोळा मिचकावला, "ती पण येतेय. सत्त्याण्णव! आठवते?"

सरांचं पेन शब्दकोड्यावर टेकलं ते टेकलंच. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"आठवते," ते म्हणाले.

आठवते काय, गेली चार वर्षं दुसरं काही आठवतच नव्हतं. पण हे ढोलला कुठून कळणार! तो चहा पिऊन, कपबशी तशीच टीपॉयवर ठेवून निघून गेला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सरांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि सर सकाळचं अंडं स्वतः उकडायला लागले होते. घड्याळ लावून, मोजून. एके दिवशी सून म्हणाली, "बाबा, तुमचं अंडं रोज कच्चं राहतं. दोन मिनिटं जास्त ठेवत जा."

झालं! सरांचा पारा चढला. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला पाणी उकळायला शिकवतेस? ते तरातरा खोलीत गेले आणि कपाटातून थर्मामीटर घेऊन आले. शाळेतून निवृत्त होताना हा त्यांनी आठवण म्हणून आणला होता; म्हणजे खरं तर कुणाला न विचारता आणला होता. उकळत्या पाण्यात धरला. "बघ," ते म्हणाले, "पाणी किती अंशांवर उकळतं ते आता डोळ्यांनी बघ."

सुनेने बघितलं. "सत्त्याण्णव, बाबा."

सर ओट्यापाशी वाकले. पारा सत्त्याण्णववर उभा होता. पाणी खळखळत होतं, आणि पारा काही केल्या वर सरकत नव्हता.

"थर्मामीटर बिघडलाय," ते म्हणाले.

दुपारी बाजारात जाऊन त्यांनी दोन नवे थर्मामीटर आणले. दोन्ही सत्त्याण्णव. रात्रभर त्यांच्या डोक्यात काही तरी कुरतडत राहिलं आणि सकाळी ते चालत स्टेशनवर गेले. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी आहे. तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, समुद्रसपाटीपासून उंची इतके मीटर. या पाटीसमोरून सर उभं आयुष्य गेले होते. आकडा होता नऊशे आठ.

आणि नववा धडा! हवेचा दाब आणि उत्कलनांक. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभरच्या आधीच उकळतं, म्हणून बटाटे शिजायला वेळ लागतो. एकतीस वर्षं सरांनी हा धडा फळ्यावर घासून घासून शिकवला होता. पुस्तकात चित्र होतं बर्फाच्या डोंगराचं, वर एक माणूस, शेकोटीवर पातेलं. हा नियम त्या बर्फातल्या माणसासाठी आहे, आपल्यासाठी नाही, असं सरांना वाटायचं. वाटायचं तरी कसलं, विचारच कुठे केला होता! गाव डोंगरावर, शाळा गावाच्या उंच टोकाला, आणि शाळेतला विज्ञानाचा मास्तर दरवर्षी चाळीस पोरांकडून लिहून घ्यायचा: पाण्याचा उत्कलनांक शंभर. सरांनी आजवर बिनडोक हा शब्द शेकडो पोरांना वापरला होता. त्या दिवशी फलाटावरच्या बाकड्यावर बसून त्यांनी तो पहिल्यांदा योग्य माणसासाठी वापरला.

त्या शेकडोंमधल्या एकीने मात्र शंभर लिहिलं नव्हतं.

दहावीचा वर्ग, प्रयोगाचा तास. तिवईवर जाळी, जाळीवर चंचुपात्र, खाली स्पिरिटचा दिवा. एकोणचाळीस प्रयोगवह्यांत शंभर. चाळिसावीत तीन निरीक्षणं: सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, सत्त्याण्णव. दोन वेण्या घातलेली, शेवटून दुसऱ्या बाकावरची मुलगी. बाप गिरणीत, आई घरी शिलाई करायची.

"डोळे फुटलेत का तुझे?" सर खुर्चीवरूनच ओरडले होते.

"नाही, सर. तेवढंच दिसतंय."

"एकोणचाळीस जणांना शंभर दिसतंय आणि या शहाणीला सत्त्याण्णव!"

"सर, तुम्ही येऊन बघा ना."

खुर्चीपासून तिचं टेबल दहा पावलं होतं. सर उठले नाहीत. त्यांनी वहीवर लाल शाईने शून्य काढलं, इतकं मोठं की पान फाटलं, आणि तिला दोन तास बाकावर उभं करून तोच आकडा मोठ्याने सांगायला लावला. वर्गाने तिचं नाव ठेवलं सत्त्याण्णव, सरांनीही तेच चालवलं. "काय सत्त्याण्णव, आज सूर्य कुठून उगवला?" अख्खा वर्ग हसायचा. पुढच्या वर्षी तिने विज्ञान घेतलं नाही. हे कळल्यावर सर स्टाफरूममध्ये म्हणाले होते, "बरं झालं, विज्ञान वाचलं." आपल्या विनोदावर ते स्वतःच हसले होते, हेही त्यांना आता लख्ख आठवत होतं.

तिचं कपडे शिवायचं दुकान बाजारात आहे, सरांच्या घरापासून सात मिनिटांवर. बाहेर काचेत एक कोट टांगलेला असतो. गेली चार वर्षं सर रोज ठरवत होते की आज आत जायचं आणि सांगायचं, बाई, तू बरोबर होतीस. आणि रोज दुकान जवळ आलं की पलीकडच्या फुटपाथला जात होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आजवर कुणालाही तोंडावर काहीही बोलायला न कचरलेला, एका शिंपिणीला घाबरून रस्ता ओलांडत होता. थू त्या जिभेवर! आता तीच येणार होती. आता तरी सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. सुनेने कोट काढून दिला तेव्हा त्यांनी तो दोनदा उलटा घातला.

"बाबा, एवढं काय टेन्शन घेताय? कौतुकच करणार आहेत तुमचं."

"म्हणूनच," सर म्हणाले.

शाळेच्या दारात गाड्यांची रांग होती. आत ढोल, पोपट, कार्बन आणि बाकीचे तीसेक जण, सगळ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले. सरांनी एकेकाकडे नजर टाकली आणि त्यांना बरं वाटलं, कारण एकही जण त्यांच्या अपेक्षेपेक्षा वरचढ निघाला नव्हता. पोपट डॉक्टर झाला होता, आणि अजूनही पाठ केलेलंच बोलत होता. प्रकृतीची चौकशीसुद्धा त्याने अशी केली की जणू पुढच्या पेशंटला आत बोलवायची घाई आहे. कार्बन हा कार्बन कारण शेजाऱ्याच्या वहीवरून तो हुबेहूब उतरवायचा, शेजाऱ्याच्या चुकांसकट. त्याला मुख्याध्यापक केलं होतं. शाळेची कीव करावी की कार्बनची, हे सरांना ठरवता येईना. मग त्यांना आठवलं की या तिघांनाही त्या प्रयोगात दहापैकी दहा होते. देणारे तेच होते.

पाटीवरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या. काळ्या ग्रॅनाइटवर सरांचं नाव आणि खाली सोनेरी अक्षरं: यांनी आम्हाला डोळे उघडे ठेवायला शिकवलं. सरांनी ती ओळ दोनदा वाचली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, सर," कार्बन लाजत म्हणाला.

कुणाच्या तरी पाटीवरून उतरवलं असणार, सरांच्या मनात आलं.

प्रयोगशाळेत शिरताच त्यांना ती दिसली. खिडकीशी उभी, केस पांढरे, गळ्यात चष्मा, बोटाला सुईचे डाग. तिने मान किंचित हलवली. सरांनीही हलवली.  आता, ते स्वतःला म्हणाले. आता जा, दहा पावलं आहेत. पण तेवढ्यात ढोलने टाळ्या वाजवल्या.

"मित्रांनो! एक सरप्राइज आहे!"

मधल्या टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं. तिवई, जाळी, चंचुपात्र, स्टँडला बांधलेला थर्मामीटर, खाली स्पिरिटचा दिवा. पाण्याला आधण आलेलंच होतं. सरांच्या लक्षात आलं काय चाललंय ते.

"आपल्या सगळ्यांचा लाडका प्रयोग!" ढोल ओरडला. "आणि निरीक्षण कोण घेणार? सांगा बघू, कोण?"

"सत्त्याण्णव! सत्त्याण्णव!" पंचावन्न वर्षांचे बाप्ये आणि बाया पोरांसारखे ओरडायला लागले. पोपट मोबाइल काढून शूटिंग करायला लागला. "चाळीस वर्षांनी शेवटची संधी," तो म्हणाला, "या वेळी तरी पास हो गं बाई!"

हशा उसळला. ती हसली नाही, रागावलीही नाही. पर्स खांद्यावर नीट केली, टेबलापाशी आली. चष्मा गळ्यातच राहू दिला. थर्मामीटरकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बघत होती ती सरांकडे.

"शंभर," ती म्हणाली.

टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. ढोलने शिट्टी मारली. कुणी तरी म्हणालं, "सर, सुधारली एकदाची!"

टाळ्यांच्या आडून ती फक्त सरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "यात बघायचं काय असतं, सर? न बघताच सांगता येतं. तुमच्याकडेच शिकले."

सरांना कानशिलात बसल्यासारखं झालं. आणि गंमत अशी की त्यांना राग आला तो नेहमीचा, जुना, वर्गातला. त्यांनी काठी टेबलावर आपटली.

"खोटं! साफ खोटं! चष्मा लाव आणि नीट वाच!"

 मग हळूच कुणी तरी फिस्सकन हसलं, आणि सगळे खो खो हसत सुटले. सर रंगात आले, सर अजून तस्सेच! पोपटने मोबाइल आणखी जवळ आणला.

"हसू नका, गाढवांनो! सत्त्याण्णवच आहे! ती तेव्हाही बरोबर होती आणि तुम्ही एकोणचाळीस जण खोटारडे होता. आणि मी..." सरांनी काठी स्वतःकडे वळवली. "मी मूर्ख होतो. आपलं गाव नऊशे मीटरवर आहे. इथे पाणी शंभरवर उकळत नाही. कधीच उकळलं नव्हतं. नववा धडा! आठवतोय का कुणाला नववा धडा?"

हसणं ओसरलं. आता चेहऱ्यांवर काळजी आली, म्हाताऱ्या माणसाविषयी येते ती. पोपट पुढे आला, थर्मामीटरकडे डोळे बारीक करून बघितलं. सरांच्या छातीत आशा उसळली. अखेर एक तरी बघतोय!

"हं," पोपट म्हणाला. "थर्मामीटर बिघडलाय."

"जुना आहे हो," ढोलने री ओढली. "मी नवीन डझनभर पाठवून देतो शाळेला. एक फोन करायचा अवकाश."

"अरे, बिघडलेला नाही! मी तीन थर्मामीटर लावून बघितलेत!"

"सर, तुम्ही बसा जरा," पोपट म्हणाला आणि त्याने सरांची नाडी धरली. सरांनी हात हिसडला.

कार्बन मात्र अदबीने वाकला. "सर, काही चिंता करू नका. आम्ही आजही मुलांकडून शंभरच लिहून घेतो. परीक्षकांनाही तेच लागतं. तुमची पद्धत आम्ही तसूभरही मोडलेली नाही."

सरांनी मनातल्या मनात हिशोब केला.  वीस वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, त्यानंतर वर्षाला चाळीस पोरं. एकट्या कार्बनच्या हातून किती शंभर! बरं, यात कार्बनचा दोष तरी काय? कागद जे वर असेल तेच खाली उमटवतो. वर कोण होतं?

"चला चला, जेवण गार होतंय," ढोलने हाकारलं. "सरांना पाच मिनिटं शांत बसू द्या. भावना अनावर झाल्यात."

माणसं भराभर बाहेर पडली. व्हरांड्यातून ताटांचा आवाज यायला लागला. प्रयोगशाळेत सर राहिले, ढोलने कोपऱ्यातल्या मास्तरांच्या खुर्चीवर नेऊन बसवलेले, आणि ती राहिली. पाणी खळखळतच होतं.

"माझं चुकलं," सर म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "चुकलंच."

'जाऊ द्या हो सर' असं काही ती म्हणेल, असं सरांना आत कुठे तरी वाटत होतं. ती म्हणाली नाही.

"मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "तीनदा बघितलं होतं मी. घरी जाऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, सर म्हणतात म्हणजे शंभरच असणार. आई तेवढी म्हणाली, तू माप घेतलंस ना, मग झालं. सर, मला एकच विचारायचंय. इतकी वर्षं विचारायचं होतं. तुम्ही उठून बघितलं का नाही? मी बोलावत होते."

सरांनी खोटं उत्तर शोधून बघितलं. सापडलं नाही.

"कारण मला आकडा आधीच माहीत होता."

"आणि गेली चार वर्षं? आता सुनेला म्हणे तुम्ही अंडी नऊ मिनिटं उकडायला सांगता. ती माझ्याकडेच ब्लाउज शिवायला टाकते, बोलता बोलता सगळं सांगते. तीन थर्मामीटर, स्टेशनची पाटी. मी म्हटलं, चला, आता येतील सर. रोज दुकानातून बघत होते. तुम्ही कोपऱ्यावर यायचात आणि समोरच्या फुटपाथला जायचात."

"मी घाबरलो," सर म्हणाले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं आणि ते फारच छोटं होतं.

 मग तिने एक पाऊल मागे सरून टेबलाजवळ जागा केली.

"या, सर. वाचा."

सर खुर्चीतून उठले आणि काठी टेकत गेले. दहाच पावलं होती. गुडघे कुरकुरले, ते वाकले, चष्मा पुसला, पुन्हा लावला. एकतीस वर्षांच्या नोकरीत या खोलीतला थर्मामीटर त्यांनी कधी स्वतः वाचला नव्हता. नेहमी पोरांनी वाचला होता आणि त्यांनी तपासला होता.

"सत्त्याण्णव."

"मोठ्याने. मला तुम्ही मोठ्याने सांगायला लावलं होतं."

सरांनी छातीत हवा भरली आणि वर्गातल्या आवाजात, तावदानं हादरतील असे ओरडले, "सत्त्याण्णव!"

व्हरांड्यात ताटांचा आवाज थांबला. मग ढोलचा आवाज आला, हसून हसून फुटलेला, "सर, शंभर!" आणि मागोमाग सगळेच, तीसच्या तीस, ताटांवर चमचे बडवत, एका सुरात, "शंभर! शंभर! शंभर!"

सर टेबलाला धरून उभे राहिले. कान तापले होते, आणि म्हाताऱ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिने टोपण ठेवून दिवा विझवला. पर्स उचलली, मनगटावरचं घड्याळ बघितलं. चार वाजता एका गिऱ्हाइकाला माप द्यायला बोलावलं होतं.

"कळलं ना, सर," ती म्हणाली, "एकट्याने म्हणताना कसं वाटतं ते? मी पंधरा वर्षांची होते."